दोन डायनासोर एकाच प्रजातीत घालावेत का? या वादात मुद्देसूद कसे उतरावे

मंगोलियाच्या नेमेग्ट थरांत सापडणारा टार्बोसॉरस बटार आणि उत्तर अमेरिकेतला टायरॅनोसॉरस रेक्स यांच्या कवट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्या माणसाला त्या एकाच प्राण्याच्या वाटतील. येवगेनी मालेयेव यांनी १९५५ साली मंगोलियातल्या या प्राण्याचे नाव टायरॅनोसॉरस बटार असेच ठेवले होते, आणि त्याच वर्षी आकाराने लहान असलेल्या दुसऱ्या एका नमुन्यासाठी टार्बोसॉरस ही वेगळी प्रजातीही उभी केली होती. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, अनातोली रोझदेस्त्वेन्स्की यांनी दाखवून दिले की हे नमुने एकाच जातीच्या वेगवेगळ्या वयाच्या प्राण्यांचे आहेत आणि ती जात टायरॅनोसॉरसपासून निराळी ठेवायला हवी. तरीही पुढच्या दशकांत काही अभ्यासकांनी तिला पुन्हा टायरॅनोसॉरसमध्ये नेले. मंगोलियातून बेकायदा बाहेर गेलेल्या एका सांगाड्यावरून २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये जो खटला उभा राहिला, त्याच्या नावातही हा प्राणी टायरॅनोसॉरस बटार म्हणूनच नोंदला गेला. पुढच्या वर्षी तो सांगाडा मायदेशी परतला, पण नावाचा वाद अजून अधूनमधून डोके वर काढतो.

अशा वादात अभ्यासमंडळात, परिसंवादात किंवा लेखातून उतरू पाहणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. सुरुवातीलाच शब्दांबद्दल एक खुलासा करतो, कारण मराठीत निम्मा गोंधळ तिथेच होतो. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरला जातो. इथे तो शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतील अर्थाने, म्हणजे कुलाच्या खालची आणि जातीच्या वरची पायरी या अर्थाने घेतला आहे. टायरॅनोसॉरस ही प्रजाती आहे आणि टायरॅनोसॉरस रेक्स ही तिच्यातली जात आहे. चर्चा सुरू होण्यापूर्वी समोरच्याशीही हे ठरवून घ्यावे.

आधी तीन प्रश्न वेगळे करावेत

‘हे दोघे एकच आहेत का?’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न असा की, हे दोन नमुने एकाच जातीचे असून त्यांच्यातला फरक केवळ वयाचा, लिंगाचा किंवा व्यक्तीव्यक्तीतला आहे का. दुसरा असा की, जाती वेगळ्या असल्या तरी त्या एकमेकींच्या सर्वांत जवळच्या नातलग आहेत का. आणि तिसरा असा की, त्या सर्वांत जवळच्या असतील तर त्यांना एकच प्रजातीनाव द्यावे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हाडांत शोधायची असतात आणि ती चूक किंवा बरोबर ठरू शकतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र संकेतावर अवलंबून असते. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नाव कसे द्यावे, कोणते नाव टिकावे आणि ते कोणत्या नमुन्याला बांधलेले असावे हे सांगते; प्रजाती किती रुंद असावी याचे माप ती कुठेही देत नाही. त्यामुळे समोरची व्यक्ती तिसऱ्या प्रश्नावर बोलत असताना आपण पहिल्याचे पुरावे मांडत राहिलो, तर दोघेही बरोबर असून तासभर भांडत बसतात. आपण कोणत्या प्रश्नावर बोलत आहोत हे प्रत्येक मुद्द्यापूर्वी सांगण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

नाव ज्या हाडांना बांधलेले आहे, ती हाडे पाहावीत

प्रत्येक जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. त्याला होलोटाइप म्हणतात. प्रजातीचे नाव तसेच एका विशिष्ट जातीला, म्हणजे तिच्या प्ररूप जातीला, बांधलेले असते. त्यामुळे दोन प्रजातींची तुलना करताना संग्रहालयातला सर्वांत देखणा सांगाडा पाहून चालत नाही. ज्या हाडांवर नाव उभे आहे ती हाडे पाहावी लागतात, आणि दोन्हीकडे तीच हाडे उपलब्ध आहेत का हेही तपासावे लागते.

ब्रॅकिओसॉरसचे उदाहरण इथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. एल्मर रिग्ज यांनी १९०३ साली अमेरिकेतील कोलोरॅडोमधल्या हाडांवरून ब्रॅकिओसॉरस अल्टिथोरॅक्स ही जात वर्णिली. त्या नमुन्यात पाठीचे काही मणके, त्रिकास्थी (कमरेजवळचे एकमेकांना जुळलेले मणके), शेपटीचे दोन मणके, बरगड्या, खांद्याजवळचे कोराकॉइड, दंडाचे हाड, कमरेचे वरचे हाड आणि मांडीचे हाड एवढाच ऐवज होता. कवटी नव्हती आणि मानही नव्हती. पुढे १९१४ साली वेर्नर यानेन्श यांनी आजच्या टांझानियातील तेंडागुरू इथल्या पुष्कळ अधिक परिपूर्ण सांगाड्यांना ब्रॅकिओसॉरस ब्रँकाई हे नाव दिले. बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात उभा असलेला १३.२७ मीटर उंचीचा सांगाडा या दुसऱ्या जातीचा आहे. परिणाम असा झाला की जगभर ‘ब्रॅकिओसॉरस’ म्हणून जे चित्र रूढ झाले, ते बहुतांशी आफ्रिकेतल्या प्राण्याचे होते. ग्रेगरी पॉल यांनी १९८८ मध्ये आफ्रिकी जातीसाठी जिराफाटायटन ही उपप्रजाती सुचवली. त्यानंतर २००९ साली मायकेल टेलर यांनी दोन्हीकडे आढळणारी हाडेच तेवढी घेतली, एकेक हाड समोरासमोर ठेवले आणि २६ फरक नोंदवले. जिराफाटायटन ही स्वतंत्र प्रजाती आज बहुतेक अभ्यासक मानतात, ते मुख्यतः या कामामुळे.

ही पद्धत घरी बसूनही वापरता येते. एका कागदावर उभ्या रकान्यांत दोन प्राण्यांची नावे लिहावीत आणि आडव्या ओळींत हाडांची नावे लिहावीत. मूळ वर्णनात जे हाड खरोखर उपलब्ध आहे तिथेच खूण करावी आणि दोन्हीकडे खूण असलेल्या ओळी सोडून बाकीच्या खोडून टाकाव्यात. मी असा तक्ता पहिल्यांदा केला, तेव्हा माझ्या आवडत्या मुद्द्यांपैकी बरेचसे खोडलेल्या ओळींत गेले, कारण ते एका बाजूच्या कवटीविषयी होते आणि दुसऱ्या बाजूला कवटीच नव्हती. उरलेल्या ओळींवरच वाद घालावा.

कधी कधी होलोटाइपच इतका तुटपुंजा असतो की तुलनाच थांबते. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली जबलपूरच्या परिसरातील शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जात वर्णिली. त्या मणक्यांची जी ठेवण तेव्हा वैशिष्ट्यपूर्ण वाटली होती, ती पुढे या गटातल्या अनेक डायनासोरांत सापडली, आणि २००३ साली जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी ही प्रजाती ओळखण्याजोगी उरत नाही असा निष्कर्ष काढला. अशा नावाबरोबर दुसऱ्या प्राण्याचे एकत्रीकरण सुचवणाऱ्याला ‘कोणत्या लक्षणावरून?’ एवढेच विचारावे.

वय, व्यक्तिभेद आणि दबलेली हाडे

फरक दिसला की लगेच नाव वेगळे करायचे नाही. तो फरक वाढीमुळे आलेला नाही याची खात्री आधी करायची. ओथनील चार्ल्स मार्श यांनी १८७७ साली अपॅटोसॉरस आणि १८७९ साली ब्रोंटोसॉरस ही नावे दिली. दोहोंतला एक महत्त्वाचा फरक त्यांनी त्रिकास्थीतल्या मणक्यांच्या संख्येत पाहिला होता: पहिल्यात तीन, दुसऱ्यात पाच. रिग्ज यांनी १९०३ मध्ये दाखवले की अपॅटोसॉरसचा तो नमुना अजून पुरता वाढलेला नव्हता. वाढत्या वयात मणके एकमेकांना जुळत जातात, तेव्हा न जुळलेले मणके मोजणीत सुटले की आकडा कमी भरणारच. म्हणून त्यांनी दोन्ही प्रजाती एक केल्या. ज्या वर्षी त्यांनी ब्रॅकिओसॉरसला नाव दिले, त्याच वर्षी ब्रोंटोसॉरस हे नाव मागे पडले.

वयाचा मुद्दा मांडताना तो आकारावरून मांडू नये. लहान प्राणी म्हणजे पिल्लू, हे अनुमान कच्चे आहे. हाडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलये दिसतात. बाहेरच्या कडेला वलये दाट होत गेली असतील तर वाढ मंदावली होती, आणि ती विरळ असतील तर प्राणी जोमाने वाढत होता. नॅनोटिरॅनसचा इतिहास यासाठी वाचावा. १९४२ साली सापडलेल्या एका कवटीला चार्ल्स गिलमोर यांनी १९४६ मध्ये गोर्गोसॉरसची जात ठरवले, १९८८ मध्ये तिला नॅनोटिरॅनस हे नवे प्रजातीनाव मिळाले आणि १९९९ मध्ये थॉमस कार यांनी ती टायरॅनोसॉरसच्या अर्धवट वाढलेल्या प्राण्याची असल्याचे मांडले. २०२० मध्ये हॉली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी अशाच दोन सांगाड्यांच्या हाडांचे काप तपासून ते प्राणी वाढीच्या वयात असल्याचे सांगितले. मग २०२५ साली लिंडसे झॅनो आणि जेम्स नापोली यांनी वेगळ्या सांगाड्याच्या हाडांवरून तो जवळजवळ पूर्ण वाढलेला असल्याचे दाखवून नॅनोटिरॅनस पुन्हा उभा केला. ‘हा वाढत होता’ या विधानाने ‘म्हणून हा टायरॅनोसॉरसच होता’ हे सिद्ध होत नाही, कारण वेगळ्या जातीलाही पिल्ले असतातच. ‘हा वाढलेला होता आणि तरी एवढाच होता’ हे विधान त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

ट्रायसेराटॉप्स आणि टोरोसॉरस यांच्या वादात हेच उलट दिशेने घडले. जॉन स्कॅनेला आणि जॅक हॉर्नर यांनी २०१० मध्ये असे मांडले की टोरोसॉरस म्हणजे म्हातारा झालेला ट्रायसेराटॉप्स: मानेवरच्या हाडाच्या झालरीत ज्या ठिकाणी टोरोसॉरसला दोन मोठी भोके असतात, त्या ठिकाणी ट्रायसेराटॉप्सचे हाड पातळ होत जाताना दिसते. अँड्र्यू फार्क यांनी २०११ मध्ये आणि निकोलस लाँगरिच व डॅनियल फील्ड यांनी २०१२ मध्ये आक्षेप घेतले. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप साधा आहे: टोरोसॉरस हे वार्धक्य असेल तर टोरोसॉरस तरुण असता कामा नये, आणि ट्रायसेराटॉप्स पूर्ण वयाचा सापडता कामा नये, पण दोन्ही प्रकारचे नमुने दाखवता येतात. वादात उतरताना आपल्या म्हणण्याचे असे ‘असता कामा नये’ वाक्य आधीच लिहून ठेवावे आणि ते प्रतिपक्षाच्या हाती द्यावे. ते देता येत नसेल, तर आपले म्हणणे अजून पुरेसे नेमके झालेले नाही.

व्यक्तिभेद आणि दाबाने झालेली विकृती यांविषयी थोडक्यात सांगतो. एकाच ठिकाणी एकाच जातीचे अनेक प्राणी सापडले असतील, तर त्यांच्यातला फरक हीच आपली पहिली मोजपट्टी असते. यूटामधील क्लीव्हलँड-लॉइड खाणीत ॲलोसॉरसचे चाळीसहून अधिक प्राणी मिळाले आहेत, ते यासाठी मोलाचे आहेत. आणि लांब, चपटी कवटी दिसली की ती वाढीमुळे, दगडाच्या भारामुळे की दोन्हींमुळे तशी झाली हे विचारावे. अशाच कवटीची ॲनाटोटायटन ही प्रजाती आज मोठ्या वयाच्या एडमोंटोसॉरसमध्ये विलीन झाली आहे.

फरक मोजण्याबरोबर तोलावेतही

दहा किरकोळ फरकांपेक्षा रचनेतला एक फरक अधिक बोलका असतो. योर्न हुरुम आणि कारोल सबाथ यांनी २००३ साली टार्बोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांच्या कवट्या तपासल्या, तेव्हा त्यांनी दातांच्या संख्येपाशी न थांबता चाव्याचा जोर कवटीतून कसा वाहतो हे पाहिले. टायरॅनोसॉरसमध्ये वरच्या जबड्याचा जोर नाकाच्या सांधलेल्या हाडांवर जातो, आणि ती हाडे डोळ्यापुढच्या अश्रुअस्थीला पक्की जोडलेली असतात. टार्बोसॉरसमध्ये हा जोड कमकुवत आहे. तिथे जबड्याच्या हाडाचा मागचा फाटा जाड होऊन थेट अश्रुअस्थीच्या खोबणीत म्यानात बसावा तसा बसतो. खालच्या जबड्यातही, पुढच्या दातवाल्या हाडाचा चौकोनी उंचवटा आणि मागच्या हाडावरची कड एकमेकांत अडकून जबडा घट्ट करतात, आणि ही कुलपासारखी रचना टायरॅनोसॉरसमध्ये नाही. असा फरक मांडताना तो किती नमुन्यांत दिसतो, पिल्लांत दिसतो का आणि नातलग प्राण्यांत काय दिसते, या तीन गोष्टी बरोबर सांगाव्यात. नाहीतर तो एका कवटीचा किस्सा राहतो.

नात्याचा प्रश्न

यानंतर वंशवृक्ष पाहावा. प्रजातीत एका पूर्वजाचे वंशज पूर्णपणे यावेत, ही आज सर्वसाधारणपणे मानली जाणारी अट आहे. दोन चुलतभावांना एका घरात घ्यायचे आणि त्यांतल्या एकाच्या सख्ख्या भावाला दाराबाहेर ठेवायचे, असे करता येत नाही. हुरुम आणि सबाथ यांना टार्बोसॉरसचा जवळचा नातलग ॲलिओरामस वाटला. ते खरे असेल, तर टार्बोसॉरसला टायरॅनोसॉरसमध्ये घालताना ॲलिओरामसलाही आत घ्यावे लागेल. पुढच्या अनेक विश्लेषणांत मात्र टार्बोसॉरस टायरॅनोसॉरसच्या अगदी जवळ येतो, आणि २०११ साली चीनमधून वर्णिलेला झुचेंगटिरॅनसही त्याच शेजारात बसतो. म्हणून एकत्रीकरण मागणाऱ्याला ‘मग झुचेंगटिरॅनसचे काय करणार?’ असे विचारणे रास्त आहे. त्याच्याकडे उत्तर असू शकते, पण ते त्याने द्यायला हवे.

दोन जाती सर्वांत जवळच्या ठरल्या, तर वृक्षाचे काम तिथे संपते. वृक्ष एकत्र ठेवण्याची परवानगी देतो, सक्ती करत नाही. हा मुद्दा चर्चेत वारंवार निसटतो.

मोजपट्टी उघड सांगावी

आता उरतो संकेताचा प्रश्न, आणि इथे प्रामाणिकपणाचा एकच मार्ग मला दिसतो: आपण कोणती मोजपट्टी वापरतो ते सांगावे आणि तीच शेजारच्या प्राण्यांनाही लावावी. इमॅन्युएल चॉप, ऑक्टाव्हियो मातेउस आणि रॉजर बेन्सन यांनी २०१५ साली ४७७ लक्षणे आणि ८१ एकके (म्हणजे तुलनेसाठी घेतलेले नमुने किंवा जाती) घेऊन डिप्लोडोकससारख्या डायनासोरांचा अभ्यास केला, फरकांच्या मोजणीसाठी निकष ठरवला, तो साऱ्या गटाला लावला आणि त्यातून ब्रोंटोसॉरस पुन्हा वेगळा निघाला. त्यांचा निकष कोणाला पटो वा न पटो, तो कागदावर आहे, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. डेल रसेल यांनी १९७० मध्ये गोर्गोसॉरसला अल्बर्टोसॉरसमध्ये घातले होते. फिलिप करी यांनी नंतर ते वेगळे काढताना तुलनेचाच आधार घेतला, की या दोघांतला फरक डास्प्लेटोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांच्यातल्या फरकाहून कमी नाही आणि ते दोघे तर जवळजवळ सर्वजण वेगळे ठेवतात.

आजच्या प्राण्यांची मोजपट्टी डायनासोरांना लावण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्यही आहे. सिंह आणि वाघ हे दोघेही पँथेरा प्रजातीतले आहेत, आणि कातडी काढली तर त्यांचे सांगाडे वेगळे ओळखायला सराव लागतो. खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून बोटाने हलका दाबावा: सिंहाचा जबडा खालून फुगीर असल्यामुळे झुलतो, वाघाचा बहुधा स्थिर बसतो. एवढ्याशा फरकावर जीवाश्मतज्ज्ञाने कदाचित दोन जातीही केल्या नसत्या, आणि आयाळ व पट्टे तर जीवाश्मात उरतच नाहीत. उलट बाजूने पाहिले, तर बहुतेक डायनासोर प्रजातींत एकच जात आहे. दहाच्या आसपास जाती असलेला सिटाकोसॉरस हा अपवाद आहे. माझे मत असे की डायनासोरांच्या प्रजाती फार अरुंद कापल्या गेल्या आहेत. तरी पुरेसे नमुने नसताना वेगळे नाव ठेवणे कमी धोक्याचे असते, कारण चुकून एकत्र केलेल्या प्राण्यांचे पुरावे एकमेकांत मिसळतात आणि ब्रॅकिओसॉरससारखे चित्र तयार होऊन बसते.

काही मुद्दे वादातून बाहेर ठेवावेत. वेगळा खंड हे लक्षण नाही. पट्टेरी वाघ आणि जॅग्वार दोन खंडांवर राहूनही एकाच प्रजातीत आहेत. काळातले अंतर हे जाती वेगळ्या असण्याचा संकेत देते, पण प्रजातीविषयी ते स्वतःहून काही ठरवत नाही. आणि एखादे नाव लोकांच्या जिभेवर बसले आहे, हा मुद्दा मनाला कितीही जवळचा असला, तरी तो हाडांच्या चर्चेत आणू नये. त्याची जागा पुढच्या टप्प्यावर आहे.

नावाचा हिशेब

दोन प्रजाती एक झाल्या तर आधीचे नाव टिकते. अपॅटोसॉरस ब्रोंटोसॉरसच्या, ट्रायसेराटॉप्स (१८८९) टोरोसॉरसच्या (१८९१), आणि अल्बर्टोसॉरस (१९०५) गोर्गोसॉरसच्या (१९१४) आधीचा आहे. म्हणून ‘ट्रायसेराटॉप्स नावाचा डायनासोर नव्हताच’ अशी बातमी २०१० साली फिरली, ती वादाचा निकाल काहीही लागला तरी चुकीचीच होती. रूढ नाव वाचवण्यासाठी प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करता येतो. इग्वानोडॉनची मूळ प्ररूप जात काही दातांवर उभी होती, ती बदलून २००० साली आयोगाने बेल्जियममधल्या चांगल्या सांगाड्यांची इग्वानोडॉन बर्निसार्टेन्सिस ही जात तिच्या जागी आणली.

आपली बाजू लिहून काढताना शेवटची तपासणी कंसांची असते. जात मूळ ज्या प्रजातीत वर्णिली गेली तिथेच असेल, तर लेखकाचे नाव कंसाविना येते. ती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल तर कंसात येते. म्हणून मालेयेव यांच्या मूळ मांडणीत टायरॅनोसॉरस बटार मालेयेव, १९५५ असे लिहिले जाईल आणि आजच्या रूढ मांडणीत टार्बोसॉरस बटार (मालेयेव, १९५५) असे. गोर्गोसॉरस लिब्राटस लॅम्ब, १९१४ याला कंस नाही, पण रसेल यांचे म्हणणे आपण स्वीकारत असू तर अल्बर्टोसॉरस लिब्राटस (लॅम्ब, १९१४) असेच लिहायला हवे. एका परिच्छेदात एकत्रीकरण मान्य करून पुढच्यात जुन्याच नावाने प्राण्याचा उल्लेख केलेले लेख मी बरेच वाचले आहेत, तेव्हा मजकूर हातावेगळा करण्यापूर्वी प्रत्येक नाव आणि त्याचा कंस आपण घेतलेल्या भूमिकेशी जुळतो का, हे एकदा ओळीने पाहून घ्यावे.